आधुनिक वैज्ञानिक विचार युरोपात कसा रुजला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपाचा विषय निघाला की विद्यार्थी, पालक आणि शिक्षकही साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रश्न चांगले असतात. त्यांना सफरचंद आणि पिसाच्या मनोऱ्याच्या गोष्टींपलीकडची उत्तरं मिळायला हवीत, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरी गंमत तपशिलात आहे.

ज्याला 'वैज्ञानिक क्रांती' म्हणतात ती नेमकी कधी झाली?

सोयीसाठी 1543 ते 1687 हा काळ धरतात. 1543 मध्ये दोन पुस्तकं छापून आली. न्यूरेंबर्गला कोपर्निकसचं, सूर्य मध्यभागी ठेवून ग्रहांच्या गती मांडणारं. आणि बाझलला व्हेसेलियसचं, माणसाच्या शरीररचनेवरचं. 1687 मध्ये लंडनला न्यूटनचा गती आणि गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ 'प्रिन्सिपिया' निघाला. मधली 144 वर्षं म्हणजे पाच-सहा पिढ्या झाल्या. 'क्रांती' या शब्दाने एका रात्रीत सगळं उलथल्यासारखं वाटतं, तसं काही झालं नाही. या लोकांना आपण वैज्ञानिक म्हणतो, पण इंग्रजीत त्यासाठीचा शब्दसुद्धा 1830 च्या दशकात तयार झाला. ते स्वतःला निसर्गाचे तत्त्वज्ञ, गणिती किंवा वैद्य म्हणवत.

त्याआधी युरोपातले लोक डोकं चालवत नव्हते का?

भरपूर चालवत होते. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथली विद्यापीठं तेव्हाच काही शतकं जुनी होती आणि तिथे तर्कशास्त्र कसून शिकवत. ॲरिस्टॉटलची मांडणीही खुळचट नव्हती. दगड खाली पडतो, ज्वाळा वर जाते, गाडी ढकलणं थांबवलं की गाडी थांबते: रोज दिसणाऱ्या गोष्टींशी ती छान जुळत होती.

अडचण वेगळी होती. मतभेद झाला की तो मिटवायला लोक ग्रंथाकडे जात. ॲरिस्टॉटल काय म्हणतो, वैद्यकात प्राचीन वैद्य गेलेन काय म्हणतो, खगोलशास्त्रात टॉलेमीने काय लिहिलंय, यावर निकाल लागे. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे, कारण आपण 'शास्त्र' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. 'शास्त्रात सांगितलंय' असं कुणी म्हणालं की पुढचं बोलणं खुंटतं. आणि 'रसायनशास्त्र' म्हणतो तेव्हा अपेक्षा अगदी उलट असते: परीक्षानळी हातात घ्या आणि स्वतः बघा. त्या 144 वर्षांत युरोप एका 'शास्त्रा'कडून दुसऱ्या 'शास्त्रा'कडे चालत गेला.

मग नवीन काय आलं? एका उदाहरणात सांगता येईल?

येईल. माझ्या मते या सगळ्या काळाचा गाभा 8 कलांमध्ये आहे.

एक अंश म्हणजे 60 कला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण 30 कला रुंद दिसतो. तर 8 कला म्हणजे चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव हिस्सा.

टायको ब्राहे हा डेन्मार्कचा सरदार. 1572 च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा, अतिशय ठळक तारा त्याला दिसला. आकाश अविकारी आहे, तिथे नवं काही घडत नाही, ही शिकवण त्या ताऱ्याने खोटी ठरवली. पुढे डेन्मार्कच्या राजाने त्याला ह्वेन नावाचं बेट दिलं. तिथे त्याने वेधशाळा उभारली आणि वीसेक वर्षं रात्रीमागून रात्री ग्रहांचे वेध घेतले. दुर्बीण तेव्हा नव्हतीच. भिंतीवर बसवलेला मोठा पितळी चाप, त्यावर बारीक आखलेल्या खुणा, आणि नजर. तरी त्याची मोजमापं एक-दोन कलांपर्यंत बिनचूक असत.

1601 मध्ये प्राग इथे टायको वारला आणि त्याच्या नोंदी त्याचा सहकारी योहानस केप्लर याच्या हाती आल्या. मंगळाची कक्षा शोधायचं काम त्याच्याकडे होतं. केप्लरने वर्तुळ धरून मांडणी केली. हे गणित सगळं हाताने, पानंच्या पानं भरून. निदान 70 वेळा हे करावं लागलंय, तेव्हा वाचकाला कंटाळा आला तर त्याने माझी कीव करावी, असं त्याने स्वतःच लिहिलंय. शेवटी मांडणी बरीच जमली, पण काही ठिकाणी गणिताचा मंगळ आणि टायकोचा मंगळ यांत 8 कलांचा फरक उरला.

टॉलेमीच्या काळची मोजमापंच 10 कलांपर्यंत चुकत असत. जुन्या काळी हा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता, आणि केप्लरला तो सहज झाकता आला असता. त्याने काय केलं? टायकोची मोजमापं इतकी चुकणं शक्य नाही, तेव्हा माझी मांडणी चूक आहे, असं ठरवून वर्षांची मेहनत बाजूला ठेवली. दोन हजार वर्षं पवित्र मानलेलं वर्तुळच टाकून दिलं. 1609 मध्ये त्याने जाहीर केलं की मंगळ लंबवर्तुळात फिरतो. या 8 कलांनीच खगोलशास्त्राच्या सुधारणेची वाट दाखवली, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे.

बुद्धिमान माणसं सगळ्या काळात आणि सगळ्या देशांत होती. आपल्या लाडक्या कल्पनेला एवढ्याशा फरकापुढे हार मानायला लावायची, ही सवय मात्र नवी होती. पुढच्या बहुतेक उत्तरांत ती पुन्हा भेटेल.

कोपर्निकसने पृथ्वी फिरते हे सिद्ध केलं ना?

नाही. त्याने ती शक्यता गणिताने नीट मांडली. त्याच्या मांडणीत ग्रहांचा क्रम आणि त्यांची उलटसुलट चाल यांचा अर्थ सहज लागतो, हे तिचं सौंदर्य. पण त्यानेही वर्तुळं सोडली नाहीत, त्यामुळे वर्तुळावर वर्तुळ चढवण्याची कसरत त्याच्याकडेही उरलीच.

विरोध करणाऱ्यांकडे चांगला मुद्दा होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांनी आपण कक्षेच्या दुसऱ्या टोकाला असू आणि जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. डोळ्यांसमोर बोट धरून आधी एक, मग दुसरा डोळा मिटला की बोट सरकतं, तसं. टायकोने शोधलं, त्याला सरकणं दिसलं नाही, म्हणून त्याने पृथ्वी स्थिर मानली. हा हट्ट नव्हता. हातातल्या पुराव्याशी तो प्रामाणिक राहिला. तारे कल्पनेपलीकडे दूर असल्यामुळे हे सरकणं फार सूक्ष्म आहे. ते पहिल्यांदा खात्रीने मोजलं गेलं 1838 मध्ये, जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलकडून. कोपर्निकसच्या पुस्तकानंतर 295 वर्षांनी.

गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकले होते का?

ही कथा त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून आली. गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात तिचा पुरावा नाही. त्याने खरोखर केलेला प्रयोग मात्र मनोऱ्याहून कितीतरी सुंदर आहे आणि शाळांत तो क्वचितच दाखवला जातो, याचं मला वाईट वाटतं.

पडणारी वस्तू इतक्या वेगाने जाते की सेकंदकाटा नसलेल्या काळात तिची वेळ मोजणं अशक्यच. गॅलिलिओने पडणंच हळू केलं. लाकडी तुळईत सरळ खोबण कोरली, ती गुळगुळीत केली, आत चर्मपत्र चिकटवलं आणि तुळई थोडी तिरकी ठेवून पितळी गोळी सोडली. वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं: तळाच्या बारीक नळीतून धार सुरू करायची, गोळी पोचली की थांबवायची, जमलेलं पाणी नाजूक तराजूत तोलायचं. जेवढं पाणी तेवढा वेळ. शंभर-शंभर वेळा करून पाहिल्याचं त्याने लिहिलंय. निघालेला नियम असा: दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट.

हे घरी करता येतं. दोनेक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पन्हळ घ्या आणि एक टोक चार-पाच सेंटिमीटर उचला. वरच्या टोकापासून 10, 40, 90 आणि 160 सेंटिमीटरवर पन्हळीभोवती आडवा दोरा ताणून बांधा, असा की गोटी त्यावरून हलकीशी उडी मारून पुढे जाईल. गोटी सोडा आणि डोळे मिटून ऐका. दोऱ्यांमधली अंतरं वाढत जातात, तरी टिक, टिक, टिक, टिक हे आवाज सारख्याच अंतराने येतात. मुलांसोबत हे करताना आधी दोरे समान अंतरावर, 40-40 सेंटिमीटरवर बांधून दाखवावेत. तेव्हा टिकटिक घाईघाईची होत जाते. मग दोरे हलवायचे. नियम कानाला कळल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

चर्चने विज्ञानाला विरोध केला, हे खरं आहे ना?

गॅलिलिओच्या बाबतीत खरं आहे आणि त्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. 1616 मध्ये रोमने पृथ्वी फिरते हे मत चुकीचं ठरवलं आणि कोपर्निकसचं पुस्तक 'दुरुस्ती होईपर्यंत' रोखलं. 1632 मध्ये गॅलिलिओने लॅटिनऐवजी इटालियनमध्ये, म्हणजे बाजारातल्या माणसालाही कळेल अशा भाषेत, दोन्ही बाजूंचा संवाद लिहिला. पुढच्या वर्षी, 22 जून 1633 रोजी, सत्तरीला टेकलेल्या या माणसाला गुडघे टेकून आपलं मत सोडल्याची शपथ घ्यायला लावली. उरलेली सगळी वर्षं तो नजरकैदेत होता. 'तरीही ती फिरतेच' असं तो तिथेच पुटपुटला, ही गोष्ट पुढे जोडलेली आहे. शपथेनंतर त्याने जे केलं ते त्या वाक्यापेक्षा मोठं आहे: कैदेत, दृष्टी जात असताना, त्याने गतीवरचं आपलं सर्वात महत्त्वाचं पुस्तक पूर्ण केलं. ते हॉलंडमध्ये लायडनला 1638 साली छापलं गेलं.

पण चर्च म्हणजे एकच एक विरोधक, असं चित्र काढलं तर इतिहास कळत नाही. कोपर्निकस स्वतः चर्चच्या सेवेत होता आणि त्याने पुस्तक पोपलाच अर्पण केलं होतं. 1611 मध्ये गॅलिलिओची दुर्बिणीतली निरीक्षणं खरी असल्याचं रोमच्या जेझुइट या ख्रिस्ती संघातल्या गणित्यांनी तपासून मान्य केलं. ईस्टरची तारीख ठरवायला अचूक पंचांग लागायचं, म्हणून चर्च खगोलशास्त्रावर खर्च करत असे. 1582 ची दिनदर्शिकेची सुधारणा, ज्यात 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आला, त्याच गरजेतून झाली. बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चच्या छताला भोक ठेवून फरशीवर आखलेली रेषा आजही आहे. त्या रेषेवर सूर्याचा कवडसा रोज कुठे पडतो ते मोजून खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने 1655 पासून सूर्याच्या गतीचा अभ्यास केला.

ब्रूनोला विज्ञानासाठी जाळलं का?

जोर्दानो ब्रूनो हा इटालियन तत्त्वज्ञ. 17 फेब्रुवारी 1600 रोजी रोममध्ये त्याला जिवंत जाळलं, हे नक्की. त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्मसिद्धान्तांबद्दलचे होते. अनेक जगं असल्याचं मत त्यांपैकी एक. तो वेध घेणारा किंवा मोजणारा माणूस नव्हता. मतांसाठी माणसाला जाळणं तेवढ्याने जराही कमी भयंकर ठरत नाही.

वैद्यकात काय बदललं?

व्हेसेलियस पादुआला शरीररचना शिकवायचा. तोवरची पद्धत अशी की प्राध्यापक उंच आसनावरून गेलेनचा ग्रंथ वाचणार आणि खाली दुसराच कुणी प्रेत फाडणार. व्हेसेलियस खाली उतरला आणि सुरी स्वतः धरली. गेलेनने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता. समोरच्या देहात एकच हाड होतं. गेलेनने माकडं आणि इतर प्राणी चिरून त्यावरून माणसाबद्दल लिहिलं होतं, हे व्हेसेलियसच्या ध्यानात आलं.

पादुआतच शिकलेल्या विल्यम हार्वेने 1628 मध्ये साध्या गुणाकाराने गेलेनचं आणखी मोठं मत पाडलं. गेलेनच्या मते अन्नापासून यकृतात सतत नवं रक्त तयार होतं आणि शरीर ते वापरून टाकतं. हार्वेने हिशेब केला. प्रत्येक ठोक्याला हृदयातून अगदी थोडं, समजा अर्धा औंस, रक्त बाहेर पडतं. अर्ध्या तासात ठोके हजाराहून जास्त. झाले 500 औंस, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे 15 किलो. कुठला माणूस अर्ध्या तासात एवढं रक्त बनेल इतकं जेवतो? रक्त तेच असणार, आणि ते फिरून परत येत असणार.

मग त्याने दंडाला पट्टी बांधून दाखवलं. पट्टी आवळली की नीला फुगतात आणि त्यांवर जागोजागी गाठीसारख्या झडपा दिसतात. बोटाने नीला दाबून रक्त एका झडपेपलीकडे सरकवलं तर ते हृदयाच्या दिशेला जातं, उलट येत नाही. रक्तदान करताना दंडाला पट्टी बांधतात तेव्हा तुम्हालाही हे दिसू शकतं.

एक दुवा हार्वेला सापडला नाही: रोहिणीतून (धमनीतून) नीलेत रक्त जातं कुठून? त्याने हे मोकळं सोडलं. 1661 मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरं झालं. हार्वे तोवर वारला होता.

'प्रयोग' म्हणजे नक्की काय, हे कधी ठरलं?

ठरलं अशी तारीख नाही, पण मला एक दिवस फार प्रिय आहे: 19 सप्टेंबर 1648.

विहिरींवरचे पंप पाणी साधारण दहा मीटरपर्यंतच खेचतात, त्यापुढे नाही, हे कारागिरांना माहीत होतं. निसर्गाला पोकळी सहन होत नाही म्हणून पाणी वर चढतं, हे ग्रंथांचं उत्तर. मग दहा मीटरपर्यंतच का सहन होत नाही? गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने 1640 च्या दशकात पाण्याऐवजी पारा वापरायची युक्ती मांडली. काचेची लांब नळी पाऱ्याने भरून भांड्यात उलटी केली की पारा साधारण 76 सेंटिमीटरवर थांबतो आणि वर रिकामी जागा उरते. तोरिचेल्लीच्या मते बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्यावर वजन टाकते आणि तेच वजन नळीतला पारा तोलून धरतं.

तसं असेल तर डोंगरावर, जिथे डोक्यावरची हवा कमी, तिथे पारा खाली यायला हवा. पॅरिसमध्ये बसलेल्या पास्कलने क्लेरमाँला राहणाऱ्या आपल्या मेहुण्याला, पेरिए यांना, प्यूई द डोम या डोंगरावर जायची विनंती केली. पेरिएंनी त्या दिवशी गावातल्या मठाच्या बागेत दोन नळ्या भरल्या. दोन्हींत पारा एकाच उंचीवर: 26 इंच आणि साडेतीन रेषा, जुन्या फ्रेंच मापात (12 रेषा म्हणजे एक इंच). एक नळी तिथेच ठेवली आणि मठातल्या एका पाद्र्यांना दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. दुसरी घेऊन गावातल्या मान्यवरांसह वर, सुमारे हजार मीटर उंच, गेले. माथ्यावर पारा 23 इंच 2 रेषा. तीन इंचांहून जास्त उतरला, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. सगळे थक्क झाले. पण पेरिए तेवढ्यावर थांबले नाहीत. शिखरावरच्या लहानशा चॅपेलच्या आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्या-पावसात असं पाच वेळा मोजलं. उतरताना मध्ये एकदा मोजलं. खाली आले तर मठातली नळी जशीच्या तशी. दिवसभर हलली नव्हती. वरून आणलेल्या नळीतही पारा पुन्हा 26 इंच साडेतीन रेषांवर.

खाली ठेवलेल्या त्या नळीकडे बघा. हवामान बदलल्यामुळे पारा उतरला असेल, ही शंका कुणी घ्यायच्या आधीच तिची सोय केलेली होती. साक्षीदार सोबत, आकडे लिहिलेले, परत पडताळणी. आज औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना खरं औषध न देता तुलनेसाठी ठेवतात, त्यामागची कल्पना या बागेतल्या नळीसारखीच आहे.

रॉयल सोसायटीचं महत्त्व काय?

28 नोव्हेंबर 1660 रोजी लंडनच्या ग्रेशम कॉलेजात बारा जण जमले आणि दर आठवड्याला भेटून प्रयोग पाहायचं ठरवलं. 1662 मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने सनद दिली. मुंबईकरांना हा राजा ओळखीचा आहे: पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या त्याच्या लग्नाच्या करारातच मुंबई बेट इंग्रजांकडे आलं. सोसायटीच्या बोधवाक्याचा अर्थ 'कुणाच्याही शब्दावर विसंबू नका' असा आहे. 1665 मध्ये तिचे सचिव ओल्डनबर्ग यांनी नियतकालिक सुरू केलं. ते आजही निघतं.

बोधवाक्य कसं पाळलं जायचं, ते लेव्हनहुकच्या बाबतीत दिसतं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा कापडव्यापारी. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, लॅटिन येत नाही. स्वतः घासलेल्या मण्याएवढ्या भिंगातून त्याने पाण्यात हजारो सूक्ष्म जीव पाहिले आणि 1676 मध्ये सोसायटीला तसं पत्र लिहिलं. लोकांना ते अशक्य वाटलं, पण कापडविक्या म्हणून पत्र फेकून दिलं नाही आणि राजमान्य विद्वानाचं असतं तरी तसंच मान्य केलं नसतं. सोसायटीने स्वतः पाहायचं ठरवलं. लेव्हनहुकने गावातल्या प्रतिष्ठितांची, आपल्या डोळ्यांनी पाहिल्याची, साक्षपत्रं पाठवली. रॉबर्ट हूकने भिंग तयार करून पाहण्याचा प्रयत्न केला, सुरुवातीला जमलं नाही, आणि नोव्हेंबर 1677 मध्ये सभेत सगळ्यांना ते जीव दाखवले. पुढे कापडव्यापारी सोसायटीचा सदस्य झाला.

न्यूटन किमया करायचा, केप्लर पत्रिका मांडायचा. मग हे कसले वैज्ञानिक?

दोन्ही खरं आहे. न्यूटनने किमयेवर, म्हणजे साध्या धातूचं सोनं करण्याच्या विद्येवर, शेकडो पानं लिहिली. केप्लर पोटासाठी पत्रिका करायचा आणि ग्रहांचा माणसावर काहीतरी परिणाम होतो असं मानायचाही. त्याच्या आईवर तर चेटकीण असल्याचा आरोप झाला. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंना सुमारे 14 महिने कोठडीत साखळीने बांधून ठेवलं, आणि केप्लरने काम सोडून, खटला स्वतः लढवून, 1621 मध्ये त्यांना सोडवलं.

माणसं आपल्या काळातच जगतात. पण मंगळाच्या कक्षेत केप्लरने आपल्या श्रद्धेला मोजमापापेक्षा वरचा मान दिला नाही, आणि आपलं भाकीत सगळ्यांसमोर ठेवलं. 7 नोव्हेंबर 1631 ला बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल, असं त्याने जाहीर केलं होतं. 1630 मध्ये तो वारला. ठरल्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदीने अंधाऱ्या खोलीत सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली. काळा ठिपका इतका लहान होता की आधी त्याला तो सूर्यावरचा डागच वाटला. मग ठिपका सरकू लागला.

आणि सफरचंद?

बागेत सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला, असं न्यूटनने म्हातारपणी स्टकली नावाच्या मित्राला सांगितल्याची नोंद आहे. डोक्यावर पडल्याचं त्यात नाही. बाकी वीस वर्षांचं गणित आहे.

हे युरोपातच का झालं? आपल्याकडे नव्हतं का?

या प्रश्नावर इतिहासकार आजही भांडतात. मला दोन्हीकडची घाई नको वाटते: 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' हीही, आणि 'आपल्याकडे काहीच नव्हतं' हीही.

युरोपाने खूप काही बाहेरून घेतलं. ज्या अंकांत केप्लरने गणितं केली ते भारतातून अरबांमार्फत तिकडे पोचले होते. प्रकाशावरचं इब्न अल-हैथमचं काम लॅटिनमध्ये वाचलं जायचं. केरळात माधव आणि त्याच्या परंपरेतल्या गणित्यांनी वर्तुळाच्या परिघासाठी अनंत श्रेणी काढल्या, युरोपाच्या दोनेक शतकं आधी.

युरोपात काही गोष्टी मात्र एकत्र जुळून आल्या. 1450 च्या सुमाराची छपाई, त्यामुळे एकच तक्ता, एकच आकृती शेकडो ठिकाणी सारखी पोचू लागली आणि चूक पकडणारेही शेकडो झाले. अनेक लहान-मोठी राज्यं, त्यामुळे रोममध्ये बंदी आली तरी लायडनला छापता येई. समुद्रप्रवासामुळे अचूक आकाशाची गरज. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हाताने काम करणारे आणि पुस्तकं वाचणारे एका टेबलाशी आले. भिंग घासणारा, पंप बसवणारा, तोफ ओतणारा यांचं ज्ञान विद्वानांनी विचारायला सुरुवात केली.

गोवा किंवा महाराष्ट्राचा याच्याशी काही थेट संबंध आहे?

आहे, आणि तो जास्त लोकांना माहीत असायला हवा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे तो वैद्य म्हणून जात असे आणि तिथल्या हकिमांशी चर्चा करत असे. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या पुस्तकात त्याने आंबा, फणस, हिंग, वेलदोडा अशा इथल्या वनस्पती आणि औषधांबद्दल संवादरूपाने लिहिलं. पटकीच्या रोगाचं जवळून पाहिलेलं वर्णनही त्यात आहे. ग्रीक पंडितांचे दाखले देऊन मला घाबरवू नका, मी पाहिलेलं सांगतो, असा त्याचा सूर. चारच वर्षांत क्लूसियसने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला काढला आणि युरोपभर तो वाचला गेला.

ओर्ता मूळच्या ज्यू घराण्यातला होता. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळली.

स्त्रिया कुठे होत्या?

घराघरांतल्या वेधशाळांत आणि कार्यशाळांत होत्या, यादीत नव्हत्या. बर्लिनच्या मारिया विंकेलमानने 1702 मध्ये धूमकेतू शोधला. पती वारल्यावर अकादमीने तिला पद नाकारलं. मारिया सिबिला मेरियन 1699 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन सुरिनामला गेली आणि सुरवंटापासून फुलपाखरापर्यंतच्या अवस्था, ज्या झाडावर तो जगतो त्या झाडासकट रंगवल्या. रॉयल सोसायटीने पहिल्या स्त्री सदस्य निवडल्या 1945 मध्ये.

मुलांना यातलं एक तरी काही स्वतः करू द्यायचं असेल तर?

गुरू ग्रह रात्री दिसत असेल असे पाच-सहा दिवस निवडा. साधी 10 बाय 50 ची द्विनेत्री पुरते. हात हलतो म्हणून ती गच्चीच्या कठड्यावर किंवा तिपाईवर टेकवा. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. वहीत गोल काढा, ठिपके जिथे दिसले तिथे मांडा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. वाचलेलं नको, दिसलेलंच लिहायचं.

7 जानेवारी 1610 ला गॅलिलिओने पादुआहून पाहिलं तेव्हा दोन ठिपके पूर्वेला, एक पश्चिमेला होता. त्याला ते साधे तारे वाटले. 8 ला तिन्ही पश्चिमेला. 10 ला दोनच, दोन्ही पूर्वेला. 13 ला चार. तारे असे गुरूभोवती जागा बदलत नाहीत. हे गुरूचे चंद्र आहेत हे त्याला त्या ठिपक्यांच्या मांडणीनेच सांगितलं. मुलांनाही उत्तर आधी सांगू नका. चार-पाच रात्रींची पानं शेजारी ठेवा आणि काय घडतंय ते त्यांना ओळखू द्या. एखाद्या रात्री आभाळ भरून आलं तर तेही तारखेसह लिहायला लावा. 9 जानेवारीला गॅलिलिओने तेच लिहिलं आहे.